अर्धा शिक्का

समुद्राला स्वतःचा शिक्का नसतो.
बोटीवरच्या पेटीत टाकलेलं पत्र
पुढचं बंदर लागेपर्यंत कुठलंच नसतं.
मग तिथला कारकून उठतो, हाणतो आपला गोल
आणि शेजारी मारतो एक आडवी ओळ:
पाकबोट.
या एवढ्या ओळीपायी
माझं निम्मं पेन्शन दर महिन्याला बुडतं.

धोपाव्याहून फेरीनं दाभोळला उतरलो तेव्हा
भरती धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला होती.
जैबूनचाचीनं पत्र्याची पेटी ओट्यावर काढून ठेवलेली.
म्हणाली, पोस्टमन गुढेकरांचा धाकटा ना तू?
बघ, तुझ्या कामाचं काय निघतं.

सत्तेचाळीस निघाली.
एडन, पोर्ट सईद, मोम्बासा,
एक डर्बनचं, शाई उडालेलं.
कडा फुगलेल्या, डिंक पिवळा पडलेला,
सगळ्यांवर अब्बास हमदुल्यांचं अक्षर,
'लोरेटा'वरचे आगवाले,
भट्टीत कोळसा ढकलून थरथरणाऱ्या बोटांनी
ओढलेली 'दाभोळ, मशिदीमागे'.
मी भिंगातून नुसता ओळ शोधत होतो.
आहे. आहे. आहे. पुसट, पण आहे.

एका पाकिटाला उजवा कोपरा नव्हता.
वाकडा कापलेला, तोंड बोथट झालेल्या
शाळेतल्या कात्रीनं.
कात्री मी ओळखली.

वही सोबत होतीच.
पहिलं पान. पहिलं तिकीट.
दोन आण्यांचं, बिजागरीवर लटकलेलं,
त्यावर अर्धं वर्तुळ.
आठवीतल्या मुलाला काय कळतं,
की शिक्का तिकिटाबाहेरही सांडलेला असतो.

दोन्ही कडा ओट्यावर जुळवल्या.
तिकिटावर 'बॉम', पाकिटावर 'बे'.
तिकिटावर चार जानेवारी, पाकिटावर छप्पन.
आत कागदावर मात्र अब्बासचाचांचा हात म्हणत होता:
उद्या एडन लागेल. इकडे वारा फार.

आणि आडवी ओळ नव्हती.
समुद्रावरून आलेलं नव्हतंच ते.
शहरातल्या कुठल्यातरी लाल पेटीत पडलेलं,
आणि मुंबईहून दाभोळ तेव्हा
आगबोटीनं एका रात्रीची वाट.

मी घसा साफ केला.
म्हटलं, चाची, कधी कधी काय होतं,
कारकून ओळ मारायला विसरतो.

ती हसली. वरचे दोन दात नाहीत तिला.
"हेच बोलला होता तुझा बाप.
याच ओट्यावर बसून पत्र वाचलंन,
पाकीट उलटंसुलटं केलंन,
मग तुला हाक मारलीन:
अरे, तिकीट हवं ना तुला? काप घे.
तू खूश. दोन आणे ठेवलेस माझ्या हातात,
माझं तिकीट, आणि पैसे तूच देतोयस."

"मला इंग्रजी येत नाही रे.
पण समुद्रावरचं पाकीट हाताला ओलं लागतं.
हे पापडासारखं कोरडं होतं."

मग ते का आले नाहीत त्या खेपेला,
हे मी विचारलं नाही.
शिक्क्यात जागा, दिवस, साल असतं,
त्यापुढचं नसतं.
मी बापाचा विचार करत होतो:
खाकी टोपी गुडघ्यावर,
आणि माझा सारा छंद,
ही अकरा वह्यांची माया,
एका आगवाल्याचं खोटं झाकायला
सुरू करून दिलेली.

सेहेचाळीस पाकिटं तिनं मला दिली,
पैसे मोजून घेतले, दोनदा.
हे एक ठेवून घेतलं.
मी तिकीट बिजागरीवरून सोडवलं,
खळ आहे का म्हणून विचारलं.

"चिकटवू नको. सुटंच राहू दे आत."

परतीच्या फेरीत कुणाचीतरी बकरी
माझ्या पिशवीला हुंगत होती.
वही उघडून पाहिली.
पहिल्या पानावर चिकटलेलं
बिजागरीचं टरफल,
नखाएवढं,
आणि भोवती पिवळ्या कागदात
जरा पांढरा राहिलेला चौकोन.